बोलता येईल अशी सायकल

"चालवता चालवता बोलता आलं पाहिजे," मी म्हटलं.

नारनवरेंनी हातातला पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. कॉटन मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांचं जुन्या सायकलींचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची शेड. आत सायकली एकमेकींच्या हँडलांत हँडलं अडकवून उभ्या, वर टायरांच्या माळा, आणि दारात एक शेगडी. तिच्यावर ते मधूनमधून बोटं शेकत होते. डिसेंबर होता. त्या वर्षी नागपूरला अशी थंडी पडली होती की सकाळी नळाखाली हात धरवत नव्हता.

"बाई, सायकलीले घंटी असते," ते म्हणाले. "बोलाचं काय काम?"

"दम लागायला नको. चालवताना मला सबंध वाक्य बोलता आलं पाहिजे, मध्ये न थांबता."

"अन् कोनासंग बोलनार?"

तेच माझी वहिनीही विचारत होती, फक्त डोळ्यांनी. सिंधूवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. एकट्या बाईला जुन्या सामानात कोणीही फसवतं, म्हणून ती हातातलं काम टाकून माझ्यासोबत आली होती. पण उभी होती माझ्यापासून हातभर दूर. मी तिच्या घरी राहायला आल्यापासून ती तशीच उभी राहायची. त्यात राग नव्हता, सवय होती. मला क्षय झाला होता. औषधं पुरी झाली होती, थुंकीची तपासणी चांगली आली होती, डॉक्टरांनी बरी झालीस म्हणून सांगितलं होतं. तरी घरात माझी ताटवाटी वेगळीच राहिली होती, आणि वहिनीची दोन मुलं माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहून बोलायची.

"ती धंतोलीला बायंडिंगच्या कामावर जाते," वहिनीनं नारनवरेंना सांगितलं. "जाण्यायेण्याला पाहिजे. छातीनं नाजूक आहे ती. हलकीशी दाखवा."

त्यांनी एक लाल सायकल ओढून काढली. पातळ नळीची, पुढं जाळीची टोपली, रंग नवा मारलेला. उचलली तर एका हातानं उचलली जात होती. वहिनीला ती पाहताक्षणी आवडली.

मी पदर खोचला, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं ठरवलं आणि मोठ्यानं सत्तावीसचा पाढा म्हणायला लागले. शाळेत असताना पाठ केलेला, दुसरं काही सुचेना. हमाल थांबून पाहायला लागले. सायकल हलकी होती खरी, पण पाय थांबला की तीही थांबायची. सारखे पायडल मारत राहा. आणि गल्लीतला प्रत्येक खड्डा थेट छातीत येत होता. सत्तावीस पाचे म्हणेपर्यंत माझा आवाज फाटला. परत आले तेव्हा मी दोन्ही हातांनी हँडल धरून नुसती वाकून उभी होते.

"ही नाही," मी म्हटलं.

"बाप्पा, याहून हलकी तं पाखरूच भेटन," नारनवरे म्हणाले.

मग एक दांड्याची मर्दानी सायकल निघाली. वहिनीनं ती माझ्या साडीकडे बोट दाखवूनच परत पाठवली. त्यानंतर नारनवरेंनी अगदी मागून, भिंतीला टेकलेली एक हिरवी लेडीज सायकल काढली. ती काढायला त्यांना चार सायकली हलवाव्या लागल्या. जाड पोलादी नळीची, रंगाचे पोपडे उडालेले, सीटचं कातडं चिरलेलं.

"मेडिकलमधल्या एका नर्सबाईची होती. आता असं लोखंड येत नाही," ते म्हणाले. "पण जड हाये. तुमच्यानं नाही होनार."

स्टँडवरून उतरवतानाच ती जड आहे हे कळलं. पहिले चार-पाच पायडल मारताना मांड्या भरून आल्या. पण एकदा चाकं फिरायला लागल्यावर मात्र ती आपल्याआपणच जात राहिली. मी पाय थांबवले तरी जात राहिली. खड्डा आला की खालीच कुठंतरी जिरायचा. तेवढ्या वेळात श्वास घेता येत होता. गल्ली संपली, मी वळण घेतलं, आणि मग पाढा सोडून ज्यासाठी सायकल हवी होती तेच बोलून पाहिलं.

"पनू, मी तुला सोडून गेले नव्हते. मला पाठवलं होतं. तुला होऊ नये म्हणून पाठवलं होतं."

पुन्हा म्हटलं. सबंध म्हणता आलं. तिसऱ्यांदा म्हणत परत येत होते तेव्हा वहिनी गल्लीत मध्यावर येऊन उभी असलेली दिसली. मी कुठं पडले तर नाही हे पाहायला ती आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

मी उतरले. वहिनी वळली, दुकानाकडे गेली आणि नारनवरेंना म्हणाली, "हीच द्या. अन् सीट बदलून द्या."

पनू माझी मुलगी. प्रणाली. तेव्हा आठवीत होती.

मला क्षय निघाला त्या दिवशी माझ्या सासूनं माझी बॅग भरली. माझे सासरे याच रोगानं गेले होते, त्यामुळे त्या घरात या शब्दाचीच दहशत होती. विलास, माझा नवरा, म्हणाला, "थोड्या महिन्यांचा प्रश्न आहे, कुंदा. पोरीसाठी तरी जा." मी गेले. बरी झाले आणि परतायचं म्हटलं तेव्हा वकिलाची नोटीस आली. विलासला आता मी नकोच होते. आणि पनूला घरात सांगितलं गेलं होतं की आई स्वतःच निघून गेली, तिला तुझी आठवण येत नाही.

कोर्टानं निकाल लागेपर्यंत मुलीला वडिलांकडे ठेवलं. मी त्या घरी जायचं नाही, शाळेतही जायचं नाही. पंधरवड्यातून एकदा कोर्टातल्या एका खोलीत तासभर भेट. पनू दोनदा आली. दोन्ही वेळा नाकाला रुमाल लावून, भिंतीकडे तोंड करून बसली. तिसऱ्या वेळी आलीच नाही. समुपदेशक बाई म्हणाल्या, मुलीची इच्छा नाही, आम्ही जबरदस्ती करू शकत नाही. पुढची तारीख जानेवारीत होती. तेव्हा न्यायाधीश मुलीला आत बोलावून स्वतः विचारणार होत्या.

"आणि रस्त्यावर भेटलं तर?" मी माझ्या वकीलबाईंना विचारलं.

त्यांनी हातातली फाईल मिटली. "रस्त्याबद्दल कोर्टानं काही म्हटलेलं नाही. पण मुलीनं एकदा जरी सांगितलं की आई मला त्रास देते, तर जानेवारीत माझ्याकडे बोलायला काही उरणार नाही. समजून घ्या."

पनू सकाळी हनुमाननगरहून सायकलनं निघायची, मेडिकल चौकातून अजनीचा रेल्वेवरचा पूल चढून पलीकडे वर्धा रोडच्या बाजूला तिची शाळा. पायी गेले असते तर ती दोन क्षणांत पुढे निघून गेली असती. लुनावर गेले असते तर तिच्या वेगानं जाता आलं नसतं. तिच्या शेजारी राहायचं तर सायकलच पाहिजे होती, आणि शेजारी राहून बोलता आलं पाहिजे होतं. खोकून चालणार नव्हतं. माझा खोकला ऐकून ती काय करेल हे मला माहीत होतं.

पहिल्या सकाळी मी मेडिकल चौकात पोह्यांच्या ठेल्याआड उभी राहिले. धुकं होतं. रिक्षावाले टायरचा तुकडा जाळून हात शेकत बसले होते. पनू धुक्यातून आली ती एकदम समोरच. निळा स्वेटर, दोन वेण्या. वेण्या सासूनं घातलेल्या दिसत होत्या, फार घट्ट. मी सायकल रस्त्यावर घेतली. तिनं मला पाहिलं. तिचा पाय पायडलवर थांबला, आणि मग ती सीटवरून उठून उभ्यानंच जोरजोरात पायडल मारत सुटली.

मी मागे. पुलाच्या चढावर तिची सायकल सरळ वर गेली आणि माझी हिरवी चढाच्या सुरुवातीलाच अडली. थंड हवा घशातून आत गेली आणि खोकल्याची उबळ आली. कठड्याला धरून मी उभी राहिले. उबळ थांबली तेव्हा पुलावर कोणी ओळखीचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तोंडाला लोकरीचा रुमाल बांधला आणि चढाच्या आधीच तिला गाठलं. शेजारी आले. वाक्य तयार होतं.

"पनू, मी तुला सोडून गेले नव्हते. मला पाठवलं होतं."

तिनं मान वळवली नाही. "मागे यायचं नाही," ती म्हणाली. मग चढ आला आणि ती गेली.

तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तर तिनं रस्ताच बदलला, आणि मी मेडिकल चौकात ऊन येईपर्यंत उभी राहिले. त्या दिवशी बायंडिंगच्या कामावर माझ्या हातून पुस्तकाचे फॉर्मे, म्हणजे घडी घातलेले छापील कागद, उलटे शिवले गेले. मालकांनी पाहिलं आणि ते बाजूला काढून ठेवले. संध्याकाळी सायकल ढकलत घरी आले. चालवायचं बळ नव्हतं. मला वाटलं, संपलं. आता ती घरी सांगेल, आणि जानेवारीत कोर्टात बसून मला ते ऐकावं लागेल.

पण तिनं घरी सांगितलं नाही. आणि पाचव्या दिवशी ती परत त्याच रस्त्यानं आली. दुसरा रस्ता लांबचा होता, एवढंच कारण असेल.

मी ते वाक्य टाकून दिलं. ते बोलले की तिची पाठ ताठ व्हायची. मग काय बोलायचं? मी कामावरचं सांगायला लागले. आमच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका छापून आल्या, त्यात नवरदेवाच्या जागी त्याच्या बापाचंच नाव पडलं, आणि तो बाप स्वतः पत्रिका घ्यायला आला. "मालक त्यांना म्हणाले, साहेब, तुमची काही हरकत नसेल तर..." मी बोलत होते, रस्त्याकडे पाहत होते. ती हसली नाही. पण त्या दिवशी चढापर्यंत तिनं वेग वाढवला नाही.

असं सुरू झालं. मी बोलायची, ती पुढे पाहायची. वहिनीच्या मुलानं पतंगाच्या मांजानं बोट कापून घेतलं ते सांगितलं, मेथी महाग झाली ते सांगितलं, काय वाटेल ते सांगितलं. मेडिकल चौक ते पुलाचा चढ, एवढाच माझा वेळ. चढावर ती पुढे निघून जायची आणि मी उतरून, सायकल ढकलत, खोकत वर जायची, आणि तिच्या मागोमाग शाळेच्या कोपऱ्याच्या अलीकडपर्यंत जाऊन परतायची. रोज सकाळी निघताना भीती असायची की आज ती येणार नाही, आणि ती दिसली की दुसरी भीती, की आज ती घरी सांगेल. झोप उडाली होती. वहिनी सकाळी माझ्या आधी उठून चूल पेटवायला लागली होती. "गरम पाणी पिऊन जा," एवढंच म्हणायची. कुठं जातेस हे तिनं एकदाही विचारलं नाही.

एका सकाळी पुलावर उबळ फार आली. बसावंच लागलं, कठड्याशी, खाली. डोळ्यांतून पाणी आलं. वर पाहिलं तर पुलाच्या माथ्यावर पनू सायकल धरून उभी होती. माझ्याकडे पाठ करून. मुलं तिच्या बाजूनं जात होती, ती हलत नव्हती. मी उठले, ढकलत ढकलत वर गेले, आणि तिच्यापासून थोडी लांब थांबले.

"ते अजून आहे का तुला?" तिनं विचारलं. तोंड रुळांकडेच होतं.

"नाही. बरी झाले मी. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"मग काहून खोकून राहिली?"

"थंडी आहे नं. आणि चढ. माझी छाती थोडी कमजोर राहिली, पण रोग गेला. तुला काही होणार नाही माझ्यापासून."

खालून मालगाडी जात होती. गाडी संपेपर्यंत पनू डबे पाहत राहिली.

"तू जाताना वळून पण नाही पाहिलं," ती म्हणाली. "मी खिडकीत होती. आजीनं कडी लावली होती, पण खिडकीत होती मी. तू रिक्षात बसली अन् सरळ गेली."

इतके दिवस मी जे वाक्य घोकलं होतं, ते आता बोलायचं होतं. बोलता आलं नाही. मी म्हटलं, "वळले असते तर गेलेच नसते, पनू. मग तुला झालं असतं."

ती सायकलवर बसली आणि उतारावरून निघून गेली. शाळेच्या कोपऱ्याच्या अलीकडे मी रोज थांबायची, त्या दिवशीही थांबले. पण आठवतं, त्या दिवशी परत येताना मी चढावरून बसून आले. उतरले नाही.

दुसऱ्या दिवशी मेडिकल चौकात विलास उभा होता. स्कूटर स्टँडवर, गळ्यात मफलर. पनू मागच्या सीटवर बसलेली, दप्तर पोटाशी धरून, मान खाली.

तो माझ्याकडे चालत आला. आवाज चढवला नाही. विलासनं कधीच आवाज चढवला नाही.

"शेजारच्या बाईनं पाहिलं तुला पुलावर," तो म्हणाला. "कितीक दिवसांपासून चालू आहे हे?"

"मी तिला हातही लावला नाही."

"खोकत होतीस. बाई सांगत होती, कठड्याला धरून खोकत होतीस. कुंदा, माझ्या बापाला मी पाहिलंय. त्यांनाही बरं झालं म्हणून सांगितलं होतं, अन् परत आलं. तू काहून करून राहिली असं? तुला पोरीची दया नाही का?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याचा राग यायला हवा होता, पण तो खरंच घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाला डॉक्टरचा कागद दाखवून उपयोग नसतो.

"एकदा माझ्या डॉक्टरांना भेट," मी म्हटलं. "तू स्वतः विचार त्यांना."

"उद्यापासून मी सोडत जाईन तिला," तो म्हणाला. "तारखेपर्यंत तू या रस्त्यावर दिसू नको. दिसलीस तर मी कोर्टात सांगीन."

स्कूटर सुरू झाली. पनूनं मान वर केली नाही. मला तेव्हा वाटलं, तिनंच सांगितलं असेल. शेजारच्या बाईचं नाव नुसतं सांगायला. कालच्या बोलण्यानं ती दुखावली असेल आणि घरी जाऊन रडली असेल. हा विचार एकदा मनात शिरला तो निघेना.

तरी मी जात राहिले. लपून जायची, ठेल्यामागं. स्कूटर यायची, जायची. पनूच्या वेण्या आणि मफलर तेवढा दिसायचा. कधी कधी मी हिरवी सायकल काढून मागे लागायची. स्कूटर गाठणं शक्य नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण उभं राहवत नव्हतं. अशीच एका सकाळी पुलाच्या चढावर उतरले नाही, मारत राहिले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि समोरून येणाऱ्या संत्र्याच्या हातगाडीवर गेले. गाडीवाल्यानं सावरलं म्हणून बसखाली गेले नाही. दोन्ही तळवे सोलले. लोकांनी कठड्याशी बसवलं, कोणी पाणी दिलं. कोणी विचारलं, "बाई, कुठं जायचं होतं एवढ्या घाईनं?"

घरी आले तर वहिनी अंगणात होती. तिनं माझे हात पाहिले, मला ओट्यावर बसवलं आणि कोमट पाणी आणून स्वतःच्या हातानं तळव्यांतली खडी एकेक करून काढायला लागली. मी हात मागे घेतला. सवयीनं.

"दे इकडे," ती म्हणाली.

आमची डोकी जवळजवळ टेकत होती. तिनं हळद लावली, फडकं बांधलं. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "उद्याही जाशील?"

"हो."

"अन् कोर्टात पोरगी नाही म्हणाली तर?"

ती नाहीच म्हणेल, अशी माझी खात्री झाली होती. जे उरलं होतं ते फक्त तारखेपर्यंत ती स्कूटरवरून जाताना पाहणं. तेवढंही सोडून घरात बसले असते तर मला वेड लागलं असतं.

तारीख संक्रांतीच्या दोन दिवस आधी आली. कोर्टाच्या व्हरांड्यात एका बाकावर विलास आणि सासू, दुसऱ्या बाकावर मी आणि वहिनी. वहिनी मला चिकटून बसली होती. पनूला आत नेलं. दार बंद झालं. सासू डोळे मिटून ओठ हलवत होती. मी दाराच्या मुठीकडे पाहत होते. आतून काही ऐकू येत नव्हतं. पनू बाहेर आली तेव्हा तिनं कोणाकडेच पाहिलं नाही, सरळ जाऊन खिडकीशी उभी राहिली.

मग आम्हाला बोलावलं. न्यायाधीश बाई वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी चष्मा काढला.

"मुलीशी मी बोलले," त्या म्हणाल्या. "समजूतदार आहे. तिला वडिलांकडे राहायचं आहे. तिची शाळा, तिची खोली, तिची आजी, सगळं तिथं आहे. तिची इच्छा स्पष्ट आहे, आणि मी ती मान्य करणार आहे."

माझ्या वकीलबाईंनी माझ्या कोपराला हात लावला. टेबलावरच्या पेपरवेटमध्ये एक रंगीत फूल होतं, मी त्याच्याकडे पाहत राहिले. मला वाटतं, मी मान हलवली. विलासनं मोठा श्वास सोडलेला ऐकू आला.

"तिचं आणखी एक म्हणणं आहे," न्यायाधीश बाई म्हणाल्या. "अलीकडे तिला स्कूटरवर शाळेत सोडता म्हणे. तिला ते नको आहे. तिला सायकलनं जायचं आहे. पहिल्यासारखं. एकटीनं."

विलास गोंधळला. "मॅडम, थंडी आहे. पुलावर गर्दी असते. अन् तिथं ही..." त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"तेही सांगितलं तिनं मला," त्या म्हणाल्या. "मी तिला विचारलं, रस्त्यात तुला कोणाचा त्रास होतो का. नाही म्हणाली. दोनदा विचारलं मी." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमच्या तपासणीचे कागद मी पाहिलेत. मुलीनं सायकलनं जायला तुमची काही हरकत?"

"नाही," मी म्हटलं. आवाज निघाला की नाही, ते मला आजही सांगता यायचं नाही.

त्यांनी ते आदेशात लिहून घ्यायला सांगितलं. टाइप करणाऱ्या बाईनं मान वर करून विचारलं, "सायकल?" आणि त्या म्हणाल्या, "हो, सायकल."

व्हरांड्यात सासू विलासला विचारत होती, जिंकलो ना आपण? तो म्हणाला, हो. पण तो पनूकडे पाहत होता. पनू खिडकीबाहेर.

दुसऱ्या सकाळी थंडी तशीच होती. तळव्यांवरची फडकी मी काढून टाकली. मेडिकल चौकात या वेळी ठेल्याआड उभी राहिले नाही, रस्त्याच्या कडेला उघड्यावर सायकल धरून उभी राहिले. पनू आली. थांबली नाही, पण तिनं वेगही वाढवला नाही. मी सायकल तिच्या शेजारी घेतली. बोलायचं काही सुचत नव्हतं. काल जे ऐकलं त्याबद्दल विचारायचं नाही एवढं मी ठरवलं होतं, आणि दुसरं काही डोक्यात नव्हतं. चढावर मी उतरले. ती पुढे गेली, माथ्यावर पोचल्यावर तिचा वेग कमी झाला, आणि मी वर येईपर्यंत ती एक पाय टेकवून उभी राहिली. मग उतार, मग वर्धा रोड.

शाळेच्या कोपऱ्याच्या अलीकडे, माझ्या नेहमीच्या जागी, मी थांबले. ती थोडी पुढे गेली आणि तीही थांबली. पाय खाली टेकवून, मागे वळून, दप्तराचा पट्टा नीट करत म्हणाली,

"उद्या संक्रांतीची सुट्टी आहे. उगाच येऊ नको थंडीत."

"बरं," मी म्हटलं. "आणि परवा?"

"परवा आहे शाळा," ती म्हणाली आणि कोपऱ्यावरून वळली.